मिठबावच्या मंडपात

सत्यवतीने खारावलेल्या बांगड्यांच्या टोपलीवर ‘६’ आकडा छापलेला पुठ्ठा ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि मगच अंगणात उभ्या असलेल्या दोघांकडे पाहिले.

असले पुठ्ठे घरात बरेच होते. स्टेडियमच्या दारावर ते फुकट वाटतात आणि चेंडू सीमेपार गेला की शिकलीसवरली माणसे ते डोक्यावर धरून नाचतात, असे तिच्या नवऱ्याने सांगितले होते. तुकाराम ते जपून घरी आणी. सत्यवतीने चौकारांनी चूल वारली होती आणि षटकारांनी मांजरापासून मासळी राखली होती. क्रिकेटचा तिला झालेला उपयोग एवढाच.

“काका आसत घरात?” बाबलीने विचारले.

“न्हाव्याकडे गेलेत. डोक्यार चार केस आसत, ते सारखे करून घेवक.”

“मगे बरा झाला.”

बाबली तोंडवलीच्या क्रीडा मंडळाचा अध्यक्ष. पन्नाशीचा माणूस, पण बॅनरवर पंचविशीचा दिसे. बरोबर आलेला धनेश संघाचा कप्तान. त्याने काळा चष्मा कपाळावर चढवला होता. सूर्य कपाळावर पडतो असा त्याचा समज असावा.

“उद्या फायनल आसा, काकी,” बाबली म्हणाला.

“म्हायत आसा. आठ दिवस तुमचो भोंगो कानात वाजता.”

“काकांका जरा सांगाचा होता. उद्या आमच्या मंडपात येव नकात म्हणान.”

“घराकडे रवतले. बरा.”

“घराकडेय नको.” बाबलीने धनेशकडे पाहिले. “मिठबावच्या मंडपात बसू देत.”

सत्यवतीने हात पदराला पुसले. मिठबावचा संघ म्हणजे उद्याचा विरोधी संघ. भात कापून रिकाम्या झालेल्या मळ्यात दोन बाजूंना दोन मंडप घातलेले तिने येता-जाता पाहिले होते. तोंडवलीचा माणूस मिठबावच्या मंडपात कशाला बसेल, हे तिला कळेना.

मग बाबलीने सांगितले. गेल्या वर्षी तुकारामकाका मैदानावर आले ते सगळे सामने तोंडवली हरली. यंदा काका नागपूरला गेले होते, तेवढ्यात संघ फायनलला पोचला. आता काका परत आले. तेव्हा मंडळाने गुरवाला सांगून ग्रामदेवतेला कौल लावला. पाषाणावर ओल्या कळ्या चिकटवल्या. काकांनी आपल्या मंडपात बसावे काय, असे विचारले तेव्हा डावी कळी पडली, म्हणजे नकार. घरी बसावे काय, विचारले, पुन्हा डावी. मिठबावच्या मंडपात बसावे काय, म्हटल्याबरोबर उजवी कळी टपकन खाली आली.

“देवाक दुसरा काम नाय मा?” सत्यवती म्हणाली.

“तुमीच तर सांगतास, काकी,” धनेश म्हणाला. “हे गेले की मॅच बुडाली म्हणान.”

यात खोटे काही नव्हते. बाजारात ती ते सांगत आली होती आणि बायका हसत आल्या होत्या. आज मॅच बघू नकात गो, आमचे हे पोचलेत थंय. सुरुवातीला ती नुसती चिडून म्हणे. पुढे लोक आपण होऊन विचारू लागले, काकी, काका खंय आसत? घरात आसत म्हटले की पोरे निर्धास्त टीव्ही लावत.

तुकाराम बर्फाच्या कारखान्यात मशीनवर होता. निवृत्त झाला त्या साली मुलाने, ओमकारने, पुण्याहून त्याला वानखेडेचे तिकीट काढून दिले आणि तिथून हे खूळ लागले. कुडाळला गाडीत बसायचे आणि माणसाने नावही न घेतलेल्या गावी उतरायचे. कोलकाता झाले, चेन्नई झाली, हैदराबाद झाले. धरमशालेला थंडीने दात वाजत होते, तरी बसून होता. काशी केली असती तर निदान घरात गंगा आली असती. हा कागदी टोपी घेऊन यायचा, अंगाला रेल्वेचा वास आणि तोंडावर हरलेल्या माणसाची कळा. एकदा कुठल्याशा दारावर शिपायाने सुकटीच्या चटणीचा डबा काढून घेतला. त्या पराभवाचे सत्यवतीला खरे दुःख झाले होते; चटणी तिने पाट्यावर वाटली होती.

“बोलावणां तुमी देवा,” ती म्हणाली.

“आमी सांगला तर तेंका संशय येयत. मिठबाववाल्यांका मी सांगून ठेवलंय, गावोगावची स्टेडियमा बघितलेलो माणूस तुमच्या मंडपात पावणो म्हणान धाडतंय. ते खूश आसत. तुमी फक्त काकांका सांगा, तेंनी बोलवल्यानी.”

“सांगतंय,” सत्यवती म्हणाली.

तिला वाटले, एक दिवस माणूस घराबाहेर. वाईट काय त्यात.

तुकाराम न्हाव्याकडून आला. मानेवर पावडर तशीच होती. तिने टोपली आत नेता नेता सांगून टाकले.

“मिठबाववाल्यांनी बोलवल्यानी तुमका. उद्या तेंच्या मंडपात. पावणो म्हणान.”

तो पायरीवर बसला.

“माका?”

“मगे कोणाक? ह्या घरात तुकाराम एकच आसा.”

“मिठबावचे ते. आपले नाय?”

“आपल्यांका तुमची किंमत कळता म्हणान तर.”

त्याने ते ऐकले की नाही कोण जाणे. उठून त्याने ट्रंकेतला पांढरा शर्ट काढला आणि खिडकीपाशी नेऊन त्याची कॉलर तपासली. संध्याकाळी तो इस्त्रीवाल्याकडे जाऊन आला. जेवताना मध्येच थांबून म्हणाला,

“बोलाक सांगितल्यांनी तर?”

“तर बोला.”

“काय बोलाचा?”

“गाडी किती उशिरा येता तां सांगा. तुमका तेवढाच म्हायत आसा.”

तो हसला आणि पुन्हा जेवू लागला. या माणसाला टोमणा लागत नाही, हा तिचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. चिखलात दगड टाकावा तसे. तरी रात्रीची भांडी घासताना तिचा हात उगाच जोरात चालत होता.

सकाळी दाढी करून, पांढरा शर्ट घालून तो उंबऱ्यावर उभा राहिला.

“तू येतस?”

असे त्याने कधी विचारले नव्हते.

“उन्हात मरूक?” ती म्हणाली.

तो गेला. भोंग्यावर बाबलीचा आवाज सुरू झाला. आदरणीय, सन्माननीय, क्रीडाप्रेमी, दानशूर. बाबलीच्या हातात माइक आला की तो घेतलेला श्वासदेखील जाहीर करी. सत्यवती मागच्या दारी नारळाच्या करवंट्या गोळा करीत ते ऐकत होती. एकाएकी ती थांबली. आज तोंडवली जिंकली तर हा मेला माइकवर काय बोलेल? तीन वाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो कौलाची हकिकत सांगेल, लोक हसतील आणि पांढऱ्या शर्टातला तो म्हातारा मिठबावच्या मंडपात बसून ऐकेल. बाबलीचे पोट तिला त्याच्या लहानपणापासून माहीत होते. त्यात भात राहत नसे, तर गोष्ट कुठली.

तिने लुगडे बदलले आणि दाराला कडी घातली.

मैदान कसले, मळाच तो. भाताचे खुंट खरवडून मध्ये रोलर फिरवला होता आणि बांधाच्या मेरेवर चुना टाकून सीमारेषा केली होती. पूर्वी या मळ्यात कापणी झाली की कुळीथ पेरत. ती परकर नेसत होती तेव्हा मुले इथेच माडाच्या झावळीच्या बुंध्याची, पिढ्याची, बॅट करून खेळत, आणि त्यांना हाकलायला तिचा बाप शेणाचे गोळे मारी. त्या खेळाला भोंगा नव्हता, चषक नव्हता, ढेरपोट्या पाहुण्यांच्या रांगा नव्हत्या. आता चेंडू टाकणाऱ्यापेक्षा तो टाकला असे ओरडून सांगणाराच जास्त दमत होता. समोरच्या तोंडवलीच्या मंडपात सगळी वाडी बसली होती. सत्यवती त्यांच्यासमोरून मळा ओलांडून मिठबावच्या मंडपाकडे चालत गेली, तेव्हा तिथले बोलणे जरासे थांबले.

तुकाराम पहिल्या रांगेत होता. गळ्यात झेंडूचा हार, मांडीवर शाल, हातात नारळ. मिठबावकरांनी बाबलीचा शब्द खरा मानून खरोखरच सत्कार केला होता. त्याच्या शेजारी परशुराम नावाचे आंबेवाले म्हातारे गृहस्थ बसले होते. सत्यवती मागच्या रांगेत बायकांत टेकली. तुकारामाने वळून पाहिले आणि गळ्यातला हार सरळ केला.

“पण काकानू,” परशुराम विचारीत होते, “इतक्या लांबसून बॉल दिसता काय?”

“नाय दिसणा.”

“अजिबात?”

“डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आसा. उजव्यान माणसा दिसतत, बॉल नाय.”

परशुरामांनी तोंडातले पान एका गालातून दुसऱ्या गालात नेले.

“मगे जातास कित्या?”

सत्यवतीला वाटले, बरे विचारले. ती पुढे वाकली.

“तुमच्याकडे रेडियो होतो?” तुकाराम म्हणाला. “आमच्याकडे नाय होतो. मास्तरांच्या पडवेर एक होतो. आमी अंगणात बसायचव. बोलणारो काय बोलता तां समजायचा नाय, इंग्लिश. पण तेच्या फाटसून एक आवाज येयचो. समुद्रासारखो. मधीच वर चढायचो, मगे खाली. मास्तर म्हणत, ती माणसा आसत. माका खराच वाटायचा नाय. इतकी माणसा खंय असतत?”

मळ्यात कोणीतरी बाद झाला. भोंगा ओरडला. परशुरामांनी तिकडे पाहिले नाही.

“तो आवाज ऐकूक जातंय,” तुकाराम म्हणाला. “सगळीकडे येगळो येता. कोलकात्याचो भरलेलो. चेन्नईक टाळ्ये जास्त, त्या रोखठोक. धरमशालेक डोंगर आसत ना, आवाज जाता आणि परत येता. बॉल बघूची गरज पडणा नाय. फोर गेली काय शिक्स, आवाजार कळता.”

“आणि हंय?”

तुकारामाने मान तिरकी करून थोडा वेळ ऐकले.

“हंय भोंगोच मोठो आसा,” तो म्हणाला.

परशुराम खदखदून हसले. मागच्या बायकाही हसल्या. सत्यवतीने पदर ओठांवर धरला. घरी आल्यावर ‘काय जेवलास’ आणि ‘हरले मा’ याखेरीज तिने त्याला काही विचारल्याचे तिला आठवेना. बर्फाच्या कारखान्यात त्या यंत्राच्या घरघरीत उभे आयुष्य काढलेला माणूस ऐकायला म्हणून कुठे जात असेल, हे तिच्या डोक्यात आले नव्हते. पण त्यानेही कधी सांगितले नव्हते. परक्या मंडपात, परक्या माणसाला सांगतो मेला. तिला राग आला आणि नेमका कोणाचा, ते ठरेना.

दुपार कलली तसा खेळ चुरशीचा झाला, असे भोंगा म्हणत होता. मिठबावला शेवटच्या षटकात थोड्याच धावा हव्या होत्या. तोंडवलीच्या मंडपातली डोकी चेंडूकडे नव्हती, इकडे तुकारामाकडे वळली होती. नव्याने पेटवलेली चूल धरते का पाहावे तशी ती टक लावून बघत होती. बाबलीने तर हात जोडले होते. धनेशने शेवटचा चेंडू टाकला, मिठबावच्या पोराने तो उंच मारला आणि मेरेवरच्या पोराने पडता पडता झेलला.

तोंडवली जिंकली.

तुकाराम ताडकन उभा राहिला. टाळीसाठी हात वर गेले, तेवढ्यात आपण कुठे बसलो आहोत ते त्याला उमगले. तो खाली बसला आणि दोन्ही हात त्याने मांडीखाली घातले.

“वाजवा टाळ्ये, काकानू,” परशुराम म्हणाले. “तुमचो गाव तो. आमचे आमी रडतंव.”

सत्यवती ते पाहायला थांबली नव्हती. ती मंडपातून बाहेर पडून, नाचणाऱ्या पोरांना कोपराने बाजूला सारीत सरळ बक्षिसांच्या टेबलाकडे चालली होती. बाबलीने माइक उचलला.

“बंधू आणि भगिनींनो, आजच्या ह्या विजयाचे खरे श्रेय एका व्यक्तीला—”

माइकवर तो शुद्ध बोले. तेवढ्यात समोर त्याचे लक्ष गेले. सत्यवती टेबलाच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर उभी होती. बाजारात सडक्या मासळीचा वाटा लावणाऱ्याकडे पाहावे, तशी पाहत होती.

“—एका व्यक्तीला देता येणार नाही,” बाबली म्हणाला. “सगळ्यांचे आहे.”

बक्षिसे वाटून होईपर्यंत ती तिथून हलली नाही.

घरी आल्यावर तुकारामाने हार खुंटीला लावला. शाल नीट घडी करून ट्रंकेत ठेवली. मग पडवीत बसून म्हणाला,

“आज पयल्यांदा.”

“काय?”

“मी होतंय आणि आपले जिंकले.”

सत्यवती तांदूळ निवडत होती.

“लोक काय म्हणतत, तां काय माका म्हायत नाय?” तो म्हणाला. “पनवती म्हणतत. म्हणू देत. मीय तसाच समजायचंय. नागपुराक शेवटची ओव्हर होती. दहा माणसांच्या पायांरसून भायर इलंय आणि गेटीर जावन उभो रवलंय. म्हटलंय, आपण नको बघूक. निदान आज तरी जिंकांदेत.”

“मगे?”

“मगे आवाज बंद झालो. कळला.” त्याने शर्टाच्या बाह्या खाली केल्या. “पण आज तसा झाला नाय. मी बसलेलंय, बघी होतंय आणि जिंकले. म्हणजे माझ्यात काय नाय.”

तिने सुपातला एक खडा उचलला, तो बराच वेळ बोटांत धरला आणि अंगणात भिरकावला. गाडीत दोन दिवस बसून गेलेला माणूस शेवटच्या षटकाला दाराबाहेर पाठ करून उभा राहतो. कोण कुठली पोरे जिंकावीत म्हणून. असला मूर्खपणा तिने उभ्या जन्मात ऐकला नव्हता.

“च्या ठेवतंय,” ती म्हणाली.

दिवेलागणीला बाबली आणि धनेश आले. हातात नारळ, कपाळावर गुलाल. तुकाराम आत हातपाय धूत होता. सत्यवतीने त्यांना पायरीखालीच थांबवले.

“काकांक नारळ दिवचो होतो,” बाबली दबल्या आवाजात म्हणाला. “काय पॉवर आसा काकी, काय सांगू. शेवटच्या बॉलार खाल्ल्यानी मिठबावाक. आता फुडच्या आयतवारी आचऱ्याक स्पर्धा आसा. थंय पण काकांका समोरच्या मंडपात बसवचा. रिक्षा आमी धाडतव.”

“आणि मगे वेंगुर्ल्याक,” धनेश म्हणाला.

“कौल लावलास तेव्हा नाव कोणाचा घेतलास?” सत्यवतीने विचारले.

“काकांचा.”

“आणि मिठबावच्या मंडपात कोण कोण बसलेला?”

बाबली बोटांवर मोजू लागला.

“मी बसलेलंय,” ती म्हणाली. “माजा नाव घेतलास देवाफुडे?”

“नाय. पण तुमचो काय संबंध, काकी? काका स्टेडियमात जातत तेव्हा तुमी खंय असतास? तुमी तर घराकडे.”

“घराकडे. टीव्हीफुडे.”

“तुमी क्रिकेट बघतास?”

“हे घरात असले की नाय बघणंय. हे गेले की लावतंय. पयल्या बॉलापासून शेवटाक. एक मॅच सोडूक नाय.” तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिले. “आता कोण गेल्यामुळे हरतत आणि कोणी बघितल्यामुळे हरतत, तां तुमी देवाक परत इचारा.”

धनेशने कपाळावरचा चष्मा काढून हातात घेतला.

“तुमका कळता क्रिकेट?”

“नाय.”

“मगे कित्या लावतास?”

“मधी मधी गर्दी दाखवतत,” सत्यवती म्हणाली, “ती बघूक.” आणि लगेच, पहिल्यापेक्षा कोरड्या आवाजात, “गेल्या वर्सा मळ्यात तुमी हरलास, तेव्हा मी खंय होतंय इचार. तुमच्या मंडपाफाटी, सुकत घातलेली मासळी राखत. दर मॅचीक. पनवती आसा ती मी. जा, सांग गावात.”

बाबलीने एक पाऊल मागे घेतले. अजाणता असेल, पण घेतले. नारळ कोणाला द्यायचा ते त्याला समजेना. तिने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“कोण इलो गो?” आतून तुकाराम म्हणाला.

“बाबली. जाता आता.”

गावाला सांगायला बाबलीला एक दिवस पुरला. तिसऱ्या दिवशी सकाळी सत्यवती किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेली, तेव्हा एरवी कोपरांनी ढकलून पुढे घुसणाऱ्या बायका तिला पाहून जराशा सरकल्या. वाडीतल्या दीपिकाने तर आपले तान्हे मूल दुसऱ्या काखेत घेतले. सत्यवतीला वाट्याजवळ ऐसपैस जागा मिळाली. तिने खाली बसून, घाई न करता, एकेक बांगडा उचलून कल्ले पाहिले. इतकी चांगली मासळी तिला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

शनिवारी धनेश येऊन अंगणातूनच तुकारामाशी बोलून गेला. तुकाराम आत आला, तेव्हा त्याचा चेहरा एकाच वेळी खुलला होता आणि गोंधळला होता.

“उद्या आचऱ्याक बोलवल्यानी. आपल्या मंडपात, पयल्या रांगेत.”

“जावा मगे.”

“पण तुका घेवन येव नको म्हणता. टीव्हीय लाव नको म्हणान सांग, म्हणता. आचऱ्याची मॅच टीव्हीर खंय लागता?” तो तिच्याकडे पाहत राहिला. “असा कित्या म्हणता तो?”

सत्यवती बांगड्याला मीठ चोळत होती. तिने वर पाहिले नाही.

“माका खंय क्रिकेट कळता,” ती म्हणाली.